ध्रुवावरचा खर्च आणि नगरचा पाऊस

२०२५च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या एरवी टँकरच्या यादीत दिसणाऱ्या तालुक्यांत ओढ्यानाल्यांना पूर आले. सीनेचे पाणी शेतांत शिरले. तूर, कपाशी, सोयाबीन, कांद्याची रोपे अशी हाताशी येत असलेली पिके गेली. पंचनामे झाले, मदतीच्या घोषणा झाल्या. हंगाम सरतासरता पाऊस असा का कोसळतो, हा प्रश्न मात्र पुढच्या सप्टेंबरपर्यंत मागे पडला.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा गोव्यात, वास्कोजवळच्या हेडलँड सडा इथल्या एका संस्थेकडे जातो. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हे तिचे नाव. केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची ही स्वायत्त संस्था आहे, आणि अंटार्क्टिका, आर्क्टिक, दक्षिण महासागर व हिमालयातील हिमनद्या अशा चारही ठिकाणच्या भारतीय संशोधनाची व्यवस्था तिच्याकडे आहे. तिच्यावर दरवर्षी होणारा खर्च आणि तिने दरवर्षी काय मिळवले, याची चर्चा संसदेच्या प्रश्नोत्तरांत आणि विज्ञानाच्या वर्तुळात अधूनमधून होते. पर्जन्यछायेतल्या नगर जिल्ह्यात ती फारशी होत नाही. म्हणून या लेखात ती चर्चा कुठवर आली आहे ते पाहू.

ब्लॅनफर्डपासून वास्कोपर्यंत

बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध शोधण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४मध्ये मांडले की हिमालयात हिवाळी बर्फ जास्त पडला, की पुढचा पावसाळा कमजोर निघतो. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवत मोसमी पावसाच्या अंदाजाची सूत्रे बसवली. म्हणजे दूरच्या हवेवरून इथला पाऊस ओळखायचा प्रयत्न सुरू होऊन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला.

मराठी वाचकाला ध्रुवाची पहिली ओळख झाली ती मात्र वेगळ्याच वाटेने. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली वेदांमधल्या आर्यांचे मूळ वसतिस्थान आर्क्टिक प्रदेशात होते, असा सिद्धान्त मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. तो सिद्धान्त आज कोणी धरत नाही. पण सहा महिन्यांची रात्र आणि लांबलेली उषा यांचा विचार एक मराठी माणूस इतक्या बारकाईने करत होता, हे विसरावे असेही नाही.

प्रत्यक्ष पाऊल पडायला १९८१ उजाडले. त्या वर्षी ६ डिसेंबरला डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. जहाज नॉर्वेकडून भाड्याने घेतलेले होते, ‘पोलर सर्कल’ नावाचे. हा भाड्याचा तपशील लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे. १९८३मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि महिनाभरात निर्णय घेणाऱ्या, म्हणजे सल्लागार राष्ट्रांच्या पंक्तीत बसला. त्याच वर्षीच्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र उभे राहिले. सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया याच मोहिमेतल्या. यांतल्या अदिती पंत औंधच्या पंत घराण्यातल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या, आणि त्या वेळी गोव्यात दोनापावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या.

दक्षिण गंगोत्री बर्फातच रुतत गेले आणि १९९०मध्ये सोडून द्यावे लागले. त्याआधीच १९८९मध्ये शिर्माखर प्रदेशातल्या खडकाळ जमिनीवर ‘मैत्री’ उभे राहिले होते. २०१२मध्ये लार्समन टेकड्यांत ‘भारती’ आले. उत्तरेकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंद इथे २००८पासून ‘हिमाद्री’ आहे, आणि २०१६पासून हिमाचलात चंद्रा नदीच्या खोऱ्यात चार हजार मीटरहून जास्त उंचीवर ‘हिमांश’. या सगळ्यांची मोट बांधणारी गोव्यातली संस्था १९९८ची. आधी तिच्या नावात ध्रुवांपैकी फक्त अंटार्क्टिका होते. कामाचा पसारा वाढला तसे नाव बदलून ‘ध्रुवीय’ झाले.

पैसा कोणत्या खिशातून येतो

इंग्लंड-अमेरिकेत ध्रुवीय संशोधनाची काही मोठी केंद्रे विद्यापीठांत आहेत. केंब्रिजचे स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थान १९२०चे. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठाचे बर्ड केंद्र १९६०चे. तिथल्या प्राध्यापकांना एकेका प्रकल्पासाठी अनुदान स्पर्धेतून मिळवावे लागते. त्यामुळे यंदा किती अनुदाने आणली आणि किती शोधनिबंध निघाले, हे वार्षिक अहवालात सहज मांडता येते.

आपल्याकडची घडी वेगळी आहे. तळ चालवणे, जहाज ठरवणे, माणसे नेणे-आणणे हे काम आणि संशोधन, दोन्ही एकाच सरकारी संस्थेकडे. पैसाही एका ठिकाणाहून येत नाही. पगार, इमारत, प्रयोगशाळा यांसाठी संस्थेला मंत्रालयाचे अनुदान मिळते. मोहिमांचा आणि ध्रुवीय विज्ञानाचा खर्च ‘पेसर’ या योजनेतून होतो. खोल समुद्रातल्या खनिजांच्या शोधाचे काम वेगळ्या शीर्षाखाली येते. पेसर ही ‘पृथ्वी’ नावाच्या मोठ्या छत्रीखाली आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी हवामान, समुद्र, ध्रुव, भूकंप आणि मनुष्यबळ अशा पाच उपयोजना मिळून या छत्रीला ४,७९७ कोटी रुपये मंजूर झाले. मंजुरी आली ती जानेवारी २०२४मध्ये, म्हणजे मुदतीतली निम्म्याहून जास्त वर्षे संपल्यावर. काम त्या काळातही थांबलेले नव्हते, पण पाच वर्षांचे नियोजन कागदावर आणि वर्षागणिक तरतूद हातात, अशी ही पद्धत आहे. ‘या केंद्रावर यंदा किती खर्च झाला’ याला एका आकड्यात उत्तर देणारी बातमी म्हणून जरा जपूनच वाचावी.

हा पैसा जातो कुठे, हे समजायला एका मोहिमेचा खर्च पाहावा. निवडलेल्या सदस्यांची आधी वैद्यकीय तपासणी होते, मग औली इथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फावरचे प्रशिक्षण. माणसे बहुधा केपटाउनहून विमानाने जातात. डिझेल, धान्य, यंत्रांचे सुटे भाग, औषधे असे वर्षभराचे सामान जहाजाने. मैत्री किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. बर्फाच्या कड्याला जहाज लागले, की पट्ट्यांवर चालणारी वाहने स्लेजगाड्या ओढत हे सामान आत नेतात. वाटेत भेगा, वादळे. हिवाळ्यात मागे राहणाऱ्या तुकडीला अनेक महिने बाहेरून रसद मिळत नाही. परत येताना कचरासुद्धा भरून आणावा लागतो, कारण १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलने तिथे काही मागे टाकायची सोय ठेवलेली नाही. विज्ञानाचे प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधीच तरतुदीचा मोठा भाग अशा रीतीने इंधन, जहाज आणि हेलिकॉप्टरांवर खर्ची पडतो. यात उधळपट्टी कोणी काढू नये. तिथे माणूस जिवंत ठेवण्याची किंमतच ती आहे. १९९०च्या जानेवारीत आपली चार माणसे तिथल्या पर्वतांत तंबूतच दगावली होती.

कामगिरी मोजायची कशी

वार्षिक अहवालात कामगिरी बहुतेक तीन प्रकारांनी दिसते: मोहिमा किती झाल्या, निबंध किती छापले, नवी उपकरणे कोणती बसवली. यांतली मोहिमांची मोजणी सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी बोलकी. मोहिमेचा क्रमांक चाळिशीपार गेला, हे सातत्याचे चिन्ह आहे. त्यातून ज्ञान किती वाढले ते कळत नाही.

खरी कमाई सलग नोंदींत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक दक्षिण गंगोत्री हिमनदीचे टोक १९८०च्या दशकापासून मोजत आहेत, आणि ते मागे सरकते आहे. नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची मैत्रीवरची चुंबकीय निरीक्षणे दशकांची आहेत. हवामान खात्याच्या हवेच्या नोंदीही तशाच. उत्तरेत कोंग्सफ्योर्दन या खाडीत २०१४मध्ये ‘इंडआर्क’ ही वेधशाळा १९२ मीटर खोलीवर पाण्यात अँकरने बांधून ठेवली गेली. पाण्याचे तापमान आणि क्षारता ती वर्षभर टिपते. हिमाद्रीवर पूर्वी वर्षातले सुमारे सहा महिनेच माणसे असत. डिसेंबर २०२३मध्ये पहिली हिवाळी तुकडी गेली आणि ध्रुवीय रात्रीची निरीक्षणे सुरू झाली. वास्कोत बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना आत उणे २० अंशांच्या खोलीत बर्फाच्या नळकांड्या ठेवलेल्या असतात. थरागणिक त्यात साठलेल्या धुळीवरून आणि रसायनांवरून मागल्या शतकांची हवा वाचता येते.

अशा कामाचे फळ एका आर्थिक वर्षात मागणे म्हणजे पाच फूट खोदून विहिरीला पाणी नाही म्हणण्यासारखे आहे. पण याला दुसरी बाजूही आहे. ‘दीर्घकाळाचे काम’ म्हणत कुठलाच हिशेब न देण्याची पळवाट कोणालाही सापडू शकते. म्हणून सलग नोंद किती वर्षांची, ती किती खंडित झाली, आणि बाहेरच्या अभ्यासकाला ती किती सहज मिळते, हे तीन निकष निबंधांच्या संख्येपेक्षा मला जास्त भरवशाचे वाटतात.

मतभेद कुठे आहेत

या खर्चाबद्दलची पहिली भूमिका राजनैतिक आहे. अंटार्क्टिका कोणाची नाही, पण तिथल्या भवितव्याचा निर्णय तिथे काम करणारी राष्ट्रेच घेतात. खनिजांवर आज बंदी आहे, मासेमारीवर मर्यादा आहेत. उद्या या नियमांवर चर्चा झाली तर टेबलावर जागा हवी, आणि जागा टिकवायला सलग संशोधन दाखवावे लागते. २०२२मध्ये संसदेने भारतीय अंटार्क्टिक कायदा केला, त्याच वर्षी आर्क्टिक धोरण आले, मे २०२४मध्ये करारराष्ट्रांची ४६वी बैठक कोचीत झाली. या बाजूच्या लोकांच्या मते वर्षाचा खर्च ही त्या जागेची वर्गणी आहे. टपाल खातेही या उपस्थितीचा एक छोटा भाग आहे: एप्रिल २०२४मध्ये भारतीवर उघडलेल्या टपाल कार्यालयाला एमएच-१७१८ असा प्रायोगिक पिनकोड मिळाला. म्हणजे त्या बर्फातल्या टपाल कार्यालयाचा पिनकोड महाराष्ट्राच्या आद्याक्षरांनी सुरू होतो.

दुसरी भूमिका विज्ञानाच्या उपयोगाची. समुद्राची पातळी, मोसमी पाऊस, हिमालयाचे पाणी या भारताच्या गरजा आहेत आणि त्यांची मुळे ध्रुवांपर्यंत जातात, असे हे लोक सांगतात. यात जिल्ह्याजिल्ह्याचा फरक मात्र करायला हवा. रायगड-रत्नागिरीला समुद्रपातळीचा प्रश्न थेट भिडतो. गंगा-यमुनेच्या काठाला हिमनद्यांचा भिडतो. नगरच्या मुळा, प्रवरा, सीना, घोड, कुकडी या नद्यांत हिमनदीचे एक थेंबही पाणी नाही. आपल्याकडे या विज्ञानाचा उपयोग पोचायला एकच वाट उरते, ती म्हणजे पाऊस.

तिसरी भूमिका शंकेची, आणि ती अडाणीपणाची समजू नये. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि दीडशेहून अधिक किलोमीटरवर जिल्ह्याच्या पूर्व कडेला पाचशे मिलिमीटरसाठी डोळे लागतात. अशा जिल्ह्यात शेतकऱ्याला ध्रुवाच्या बातमीपेक्षा आपल्या मंडळातला पर्जन्यमापक नीट चालतो की नाही याची काळजी जास्त, कारण हवामानावर आधारित पीकविम्याची भरपाई त्याच्या नोंदीवर अडते. देशभरातली जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४मध्ये बंद झाली. स्थानिक सल्ला देणारी व्यवस्था आटत असताना ध्रुवीय संशोधनावर खर्च वाढावा का, असा हा प्रश्न आहे. त्याला एक प्रामाणिक उत्तर असे, की दोन्ही खर्च वेगळ्या शीर्षांखालचे आहेत आणि एक थांबवला म्हणून दुसरा आपोआप वाढत नाही. पण प्राधान्याचा मुद्दा त्याने पुरता मिटतो, असे म्हणता येत नाही.

चौथी भूमिका विद्यापीठांची. मोहिमांत बाहेरच्या संस्थांना प्रस्ताव देऊन सामील होता येते, आणि तसे अनेक जण होतातही. पण तळ, जहाज आणि निवड एकाच संस्थेकडे असली की विषयही तिच्याच आवडीचे पुढे येतात, असे विद्यापीठातल्या लोकांचे म्हणणे असते. २०२३च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानमुळे विद्यापीठांकडे अनुदानाचा ओघ वळेल, ही अपेक्षा आहे. उलट बाजूने सांगितले जाते की उणे तापमानात काम करणारी यंत्रणा पन्नास विद्यापीठांत उभी करणे परवडणारे नाही. ती एकत्रच हवी. दोन्हींत तथ्य आहे. जड काम एका संस्थेकडे आणि प्रश्न विचारण्याचा हक्क अनेकांकडे, असा मधला मार्ग निघू शकतो, आणि माझा कल त्याच बाजूला आहे.

पावसाचे सूत्र कितपत पक्के

सगळ्या वादात नगरकराच्या कामाचा भाग हा. १९७९पासून उपग्रहांच्या नोंदी आहेत, आणि त्यांनुसार आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. गोव्याच्या केंद्रातल्या अभ्यासकांनी २०२१मध्ये असे मांडले की रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ घटला, की वरच्या हवेत पश्चिम युरोपवर उच्च दाब तयार होतो. त्याची लहर आशियापर्यंत येते, आणि तापलेल्या अरबी समुद्राची वाफ तिला मिळाली की सप्टेंबरात भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. २०२४मध्ये दक्षिण कोरियाच्या ध्रुवीय संस्थेसोबतच्या अभ्यासात आणखी एक जोड दिसली: मध्य आर्क्टिकमध्ये बर्फ जास्त असेल तेव्हा पश्चिम आणि द्वीपकल्पीय भारतात पाऊस कमी.

वाचायला हे चोख वाटते. पण यातले शब्द ‘शक्यता’ आणि ‘संबंध’ असे आहेत. उपग्रहांची नोंद जेमतेम साडेचार दशकांची आहे, आणि एवढ्या वर्षांत योगायोग आणि कारण वेगळे करणे अवघड. मोसमी पावसावर एल निनो, हिंदी महासागराचे तापमान, अरबी समुद्राची वाफ यांचा प्रभाव ध्रुवीय बर्फाहून मोठा मानला जातो. शिवाय हे नाते देशाच्या पातळीवर शोधलेले आहे. ते पाथर्डी तालुक्याच्या कोणत्या आठवड्यात काय होईल, हे सांगू शकत नाही, आणि तसा दावा अभ्यासकांनीही केलेला नाही. २०२५च्या सप्टेंबरातल्या पुराचे खापर थेट कारा समुद्रावर फोडणे हे विज्ञान नव्हे. या संशोधनाचा व्यवहारी उपयोग झालाच तर तो ऋतूच्या अंदाजाच्या गणितात आणखी एक चल म्हणून होईल. शेतकऱ्याच्या हातात तो पोचायला मधे हवामान खाते, कृषी विद्यापीठ आणि गावपातळीचा सल्ला अशा तीन पायऱ्या आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे. मधली पायरी घरातच असताना दोन टोके एकमेकांशी किती कमी बोलतात, याचे नवल वाटते.

अजून सुटायचे आहे ते

सर्वांत जुना अडलेला विषय जहाजाचा. भारताकडे स्वतःचे ध्रुवीय संशोधन जहाज अजून नाही. १९८१मध्ये जहाज भाड्याचे होते, आणि जानेवारी २०२१मध्ये ४०वी मोहीम गोव्याहून निघाली तेही ‘वासिली गोलोव्निन’ या भाड्याच्या रशियन जहाजावर. २०१४मध्ये स्वतःच्या जहाजासाठी १,०५१ कोटी रुपये मंजूर झाले, पण निविदा पुढे सरकली नाही. २०२३मध्ये त्याच जहाजाचा अंदाज सुमारे २,६०० कोटींवर गेल्याचे सांगितले गेले. जून २०२५मध्ये असे जहाज बांधण्यासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कंपनीने नॉर्वेच्या कोंग्सबर्गशी सामंजस्य करार केला. २०१४ ते २०२३ या नऊ वर्षांत अंदाज अडीचपट झाला. दिरंगाईची किंमत इतकी उघडपणे मोजता येणारे उदाहरण सरकारी हिशेबांत विरळ असेल. भाड्याचे जहाज सामान उतरवते आणि परत फिरते. समुद्रात थांबून बर्फाखालच्या पाण्याचे मोजमाप करायला त्याच्याकडे वेळ नसतो. म्हणून माझ्या मते निधीच्या वादातला हा पहिला मुद्दा असायला हवा, बाकीचे त्यामागून.

दुसरा विषय मैत्रीचा. अवघ्या काही वर्षांसाठी म्हणून बांधलेले ते केंद्र साडेतीन दशके वापरात आहे. भारती १३४ मालवाहू कंटेनर जोडून, पुढे कधी काढून नेता येईल अशा रीतीने उभे केले गेले. नवे ‘मैत्री-२’ही याच शिस्तीने व्हावे लागेल. कोचीच्या बैठकीत त्याची योजना मांडली गेली आणि २०२९पर्यंत ते उभे करण्याचे लक्ष्य आहे. जहाज आणि केंद्र ही दोन मोठी कामे एकाच काळात आली, तर नेहमीच्या संशोधनाची तरतूद आक्रसेल का, हे पुढच्या दोन-तीन अर्थसंकल्पांत दिसेल.

तिसरा, आकडेवारी खुली करण्याचा. नोंदी साठवणारे राष्ट्रीय ध्रुवीय विदा केंद्र गोव्यातच आहे. संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या प्राध्यापकाला त्या नोंदी विनासायास मिळाल्या, तर ध्रुव आणि नगरच्या पावसाचा संबंध तपासण्याचे काम वास्कोपुरते राहणार नाही. हवामान खात्याच्या जिल्हा पर्जन्यनोंदी शंभराहून जास्त वर्षांच्या आहेत. त्या आणि बर्फाच्या उपग्रहनोंदी शेजारीशेजारी ठेवून पाहायला जहाज लागत नाही.

पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या आणि गोव्याच्या केंद्राचे वार्षिक अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि कोणालाही वाचता येतात. पुढचा अर्थसंकल्प आला की वाचकांनी त्यात ध्रुवीय जहाजासमोरचा आकडा आवर्जून पाहावा.